ओ-टू की ओ-थ्री? आधी नोड जुळतात का बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडून घेतो, कुठे चुकलं तर सांगा. तुम्ही इंदूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि सी-प्लस-प्लसमध्ये बुद्धिबळाचं इंजिन लिहिलंय. बिटबोर्ड (पटाची ६४ घरं ६४ बिटांत), अल्फा-बीटा (निरुपयोगी फांद्या तोडणारं सर्च), ट्रान्सपोझिशन टेबल (आधी शोधलेल्या स्थितींची वही), स्थितीला गुण देणारं हाताने लिहिलेलं साधं मूल्यमापन. जीसीसी कम्पायलरने ओ-टू हा फ्लॅग (कोड किती जलद करायचा ते सांगणारी खूण) लावून बिल्ड केलं की सेकंदाला साधारण १८ लाख नोड, म्हणजे तपासलेल्या स्थिती, मिळतात, ओ-थ्रीला साडेसतरा लाख, ओ-फास्टला कधी १९ तर कधी १७. मग ओ-टू आणि ओ-थ्रीचे आपसात २० डाव लावले, ओ-टू ११–९ ने जिंकलं. त्यात मार्च-नेटिव्ह लावून केलेली फाइल मित्राच्या पीसीवर उघडताक्षणी बंद पडते. आणि शेवटी म्हणता, ‘सर, बेस्ट फ्लॅग कोणते ते एकदा सांगून टाका.’

सर नको, काका चालेल. वीसेक वर्षं इथेच, इंदूरला, सी-प्लस-प्लसच्या नोकरीत गेली, त्यातली बरीचशी दुसऱ्याचा कोड ‘स्लो का आहे’ ते शोधण्यात. बुद्धिबळाचं इंजिन हा रात्रीचा उद्योग, जेवणं झाल्यावर रामबागेतल्या आमच्या माडीवर बसून केलेला. त्यामुळे पुढचं जे आहे ते पुस्तकी कमी आणि हात पोळून शिकलेलं जास्त.

घाईत असाल तर उत्तर एका दमात देतो. एन-डीबग (कोडमधल्या तपासण्या बंद करणारा) लावा, ओ-टू आणि ओ-थ्री यांपैकी मोजून जे पुढे निघेल ते घ्या, ज्या मशीनवर चालवायचं त्याचं आर्किटेक्चर सांगा, एलटीओ (फाइलींच्या पलीकडे बघून ऑप्टिमाइझ करणं) लावा आणि या सगळ्यावर पीजीओ (आधी चालवून मोजलेल्या नोंदींवरून बिल्ड) करा. ओ-फास्ट विसरा. आता खरी अडचण. तुमच्याकडे चार आकडे आहेत आणि त्यातल्या कुठल्यावर विश्वास ठेवायचा ते ठरवायला तुमच्यापाशी काहीच नाही. ते नसलं तर मी सांगितलेले फ्लॅगही तुम्ही असेच लावाल, आकडा एकदा वर जाईल, एकदा खाली येईल, आणि पुन्हा हाच प्रश्न घेऊन बसाल.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत हे आधीच मान्य करतो. तुमचा प्रोसेसर कुठला, जीसीसी की क्लँग, विंडोज की लिनक्स, कोड एका फाइलीत आहे की वीस फाइलींत, हे सगळं फरक पाडतं. मूल्यमापन न्यूरल नेटवर्कने होत असतं तर अर्धं उत्तर बदललं असतं. स्टॉकफिश या प्रसिद्ध इंजिनाने २०२० मध्ये बाराव्या आवृत्तीत ते आणलं, आणि तिथे एव्हीएक्स-टूसारख्या, एका दमात अनेक आकडे हाताळणाऱ्या रुंद सूचनांवर सगळा खेळ असतो. तुमच्याकडे ते नाही, म्हणून तो भाग सोडतो.

पहिलं काम म्हणजे इंजिनाला ‘बेंच’ अशी एक कमांड शिकवा. पन्नासेक ठरावीक स्थिती, काही ओपनिंगच्या, बहुतेक मधल्या डावाच्या, काही एंडगेमच्या. प्रत्येक स्थिती ठरावीक खोलीपर्यंत, म्हणजे ठरावीक खेळ्या पुढपर्यंत, शोधायची, एकाच थ्रेडवर, रिकाम्या टेबलापासून, घड्याळाकडे न बघता. शेवटी दोन आकडे छापायचे, एकूण नोड किती आणि वेळ किती. स्टॉकफिशमध्ये ही कमांड आयतीच आहे: १६ एमबी टेबल, एक थ्रेड, खोली १३. त्यांच्याकडे कोडमधल्या बदलाच्या नोंदीत बेंचचा नोडचा आकडा लिहितात. ज्या बदलाने इंजिनाचं वागणं बदलायला नको होतं, त्यात तो आकडाही बदलता कामा नये.

तुमच्यासाठी हाच आकडा साक्षीदार आहे. ओ-झिरो, ओ-टू, ओ-थ्री, एलटीओ, काहीही लावा. कम्पायलरला तोच कार्यक्रम जलद करायला सांगितलंय, दुसरा लिहायला नाही. मग ठरावीक खोलीला नोड शेवटच्या अंकापर्यंत तेवढेच यायला हवेत. ओ-टूला ४२,१७,९०६ आणि ओ-थ्रीला ४२,१७,९११ आले तर पाचचाच फरक म्हणून सोडू नका. त्या पाचात किडा आहे. वेळ बघायची पाळी त्यानंतरची. नोड जुळत नसतील तर वेग मोजण्यात अर्थ नाही, दोन वेगवेगळ्या इंजिनांची शर्यत लावल्यासारखं ते होतं.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. माझ्या इंजिनात ‘ही स्थिती आधी येऊन गेली का’ हे बघणारं छोटं फंक्शन होतं. आताच्या खेळीपासून दोन-दोन पावलं मागे जायचं, तीच हॅश-की (स्थितीचा ओळख-आकडा) सापडली की ‘ट्रू’ परत द्यायचं, इतकंच. लूप संपल्यावरची ‘फॉल्स परत दे’ ही ओळ मी लिहायचीच विसरलो होतो. ओ-झिरोला ते चालायचं. रजिस्टरमध्ये जे काय पडलेलं असेल तेच उत्तर म्हणून जायचं आणि माझ्या नशिबाने ते बहुतेक वेळा शून्य असायचं. ओ-टू लावलं तसं इंजिन जिंकत आलेले डाव बरोबरीत सोडायला लागलं, आणि मधूनच कोसळायला लागलं. मी दोन आठवडे ‘ओ-टूमध्ये बग आहे’ असं सांगत फिरलो, कम्पायलरची आवृत्तीसुद्धा बदलून पाहिली.

झालं होतं असं. भाषेचा नियम सांगतो की असं फंक्शन काही परत न देता तळाशी पोचलं तर ते अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे पुढे काय होईल याची भाषा हमी देत नाही. जीसीसी ऑप्टिमाइझ करताना त्यावरून तर्क करतो. तळाशी कोणी पोचतच नाही, म्हणजे लूप आपणहून संपतच नाही, म्हणजे लूप संपायची अट तपासायचं कारण नाही. त्याने अट काढून टाकली. मग लूप इतिहासाचं टेबल ओलांडून मागे दुसऱ्याच कुणाच्या मेमरीत ती की शोधत जायचा. आणि यातली लाजिरवाणी गोष्ट अशी की कम्पायलरने वॉर्निंग दिली होती. चाळीस वॉर्निंगांच्या ढिगात ती होती, आणि मी ढीग वर सरकवून पुढे गेलो होतो.

तेव्हा फ्लॅगांच्या आधी हे करा. सगळ्या वॉर्निंग चालू करा आणि यादी शून्यावर आणा. मग अ‍ॅड्रेस आणि अनडिफाइन्ड हे दोन्ही सॅनिटायझर (चालताना मेमरीच्या आणि अशा चुका पकडणारी साधनं) लावून एक वेगळं बिल्ड करा आणि त्यावर बेंच चालवा. ते कित्येक पट हळू चालेल, चालू दे, तेवढ्यात पोहे खाऊन या. बुद्धिबळाच्या इंजिनात सापडणाऱ्या चोऱ्या ठरलेल्या असतात. ३२ बिटांचा एक घेऊन तो ४० घरं सरकवलेला, रिकाम्या बिटबोर्डवर ‘पहिला बिट कुठला’ विचारलेलं, खोली वाढली की किलर (आधी कामी आलेल्या) खेळ्यांच्या टेबलाच्या बाहेर लिहिलेलं. याच बिल्डवर पर्फ्टही (ठरावीक खोलीपर्यंतच्या सगळ्या नियमबद्ध खेळ्यांची मोजणी) चालवा. सुरुवातीच्या स्थितीपासून खोली ५ ला ४८,६५,६०९ आणि खोली ६ ला ११,९०,६०,३२४ यायला हवेत. कॅसलिंग आणि आँ-पासाँच्या चुका पकडायला ‘किवीपीट’ ही स्थिती अधिक खट आहे, तिथे खोली ५ ला १९,३६,९०,६९० येतात.

एक सावधगिरी. हा नोडचा नियम एकाच कम्पायलरच्या वेगवेगळ्या फ्लॅगांसाठी कडक आहे. जीसीसी सोडून विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कम्पायलरने बिल्ड केलं तर निर्दोष कोडचाही आकडा बदलू शकतो. खेळ्या लावायला तुम्ही लायब्ररीचा सॉर्ट वापरत असाल तर सारख्या गुणांच्या खेळ्या कुठल्या क्रमाने येतील याची तो हमी देत नाही, आणि क्रम बदलला की अल्फा-बीटाची अख्खी वाट बदलते. झोब्रिस्टच्या किल्ल्या (हॅश-की बनवायचे यादृच्छिक आकडे) ‘रँड’ने बनवल्या असतील तर तेच. स्वतःचा चार ओळींचा जनरेटर लिहा, बीज ठरावीक ठेवा, म्हणजे कुठेही तेच आकडे येतील.

आता वेळ मोजण्याकडे. ओ-फास्टला ‘कधी १९ कधी १७’ असं तुम्ही लिहिलंत तिथेच मी थांबलो. तुमच्या मोजपट्टीतच दहा टक्क्यांचा हेलकावा आहे. असल्या पट्टीने तुम्ही ओ-टू आणि ओ-थ्रीमधला तीन टक्क्यांचा फरक मोजताय. तराजूचा काटा पावशेर हलतोय आणि आपण केशर तोलतोय, तशातली गत.

लॅपटॉप असणार असं धरतो. मे महिन्यात इंदूरची दुपार ४० च्या वर, खोलीत पंखा, मांडीवर लॅपटॉप. प्रोसेसर पहिले काही सेकंद टर्बोवर पळतो, मग तापला की स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे पहिल्यांदा चालवलेल्या फाइलीला थंड प्रोसेसर मिळतो आणि दुसरीला तापलेला. कुठलीही फाइल पहिली चालवा, तीच जिंकेल. आपल्याकडे ‘शब-ए-मालवा’चं, म्हणजे माळव्यातल्या थंड रात्रीचं, कौतुक उगाच नाही, माझे सगळे भरवशाचे आकडे रात्री साडेअकरानंतरचे आहेत. चार्जर लावलेला, ब्राउझर बंद, लिनक्सवर प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर, आणि टास्कसेटने इंजिन एकाच कोअरला बांधलेलं. दोन फाइली आळीपाळीने चालवा, ए, बी, ए, बी, दोन्ही दहा-दहा वेळा. आधी सगळे ए आणि मग सगळे बी असं कधीच नाही. दहांतला मधला आकडा घ्या आणि सोबत सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्तही लिहून ठेवा. ए आणि बीच्या मधल्या आकड्यांतला फरक त्यांच्या स्वतःच्या पसाऱ्यापेक्षा लहान असेल तर फरक नाही असंच समजायचं.

इतकं करूनही एक कुरापत उरते. कोड मेमरीत कुठल्या पत्त्यावर बसला यावरसुद्धा दोन-चार टक्के हलतात. तुम्ही न वापरलेलं एक फंक्शन घातलंत, त्याने गरम लूप काही बाइट पुढे सरकला, आणि वेग बदलला. ही माझी कल्पना नाही. २००९ साली टॉड मिटकोविच आणि सहकाऱ्यांनी नेमकी जीसीसीच्या ओ-टू आणि ओ-थ्रीची तुलना घेऊन दाखवलं होतं की एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलचा आकार किंवा फाइली लिंक करायचा क्रम बदलला, तर ओ-थ्री फायद्याचं की तोट्याचं हा निष्कर्षही उलटू शकतो. म्हणून मी एका फ्लॅगने मिळणाऱ्या दोन टक्क्यांना कधी हुरळत नाही.

२० डावांचं तर सोडूनच द्या. नाणं २० वेळा उडवलं तर बरोब्बर १०–१० पडायची शक्यता पाचात एकाहूनही कमी, म्हणजे ११–९ किंवा त्याहून वाकडा निकाल पाचांपैकी चार वेळा येणारच. वेग आणि ताकद यांचा जुना ढोबळ हिशेब असा की वेग दुप्पट झाला तर ५० ते ७० एलो (ताकदीचं मानांकन) वाढतात. त्या हिशेबाने १० टक्के वेग म्हणजे आठेक एलो, आणि तुमचे ते तीन टक्के म्हणजे जेमतेम अडीच. १०० डावांच्या सामन्यात निकालाचा कच्चेपणाच ५० एलोच्या आसपास असतो. अडीच एलो डोळ्याला दिसायला काही दहा हजार डाव लागतील. स्टॉकफिशवाले ‘फिशटेस्ट’वर जगभरच्या लोकांची मशीनं जोडून तेच करतात. आपल्याला घरी त्याची गरजही नाही. नोड तेच आणि वेळ कमी, इतकं सिद्ध झालं की डाव खेळवून बघायचं काही राहत नाही. डाव खेळवायचे ते सर्च किंवा मूल्यमापन बदललं तर.

ओ-थ्री हळू कसं, हा तुमचा मनातला प्रश्न असणार. तीन हा दोनापेक्षा मोठा, मग जलद असायलाच हवा, असं सगळ्यांना वाटतं. ओ-थ्री कोड फुगवायला जास्त तयार असतो: फंक्शनांच्या प्रती काढतो, लूपच्या पहिल्या फेऱ्या सोलून बाहेर काढतो, अटी लूपच्या बाहेर नेऊन लूपच दोनदा लिहितो. मोठ्या अ‍ॅरेवर सरळ रेषेत चालणाऱ्या गणिताला हे मानवतं. बुद्धिबळाचं सर्च तसं नाही. एका घोड्याच्या फार तर आठ खेळ्या, उंटाच्या तेरा, लूप सुरू झाला की संपलाच. पावलोपावली जर-तर. अशा वेळी फुगलेला कोड पहिल्या पातळीच्या कॅशमध्ये मावेनासा होतो, आणि ती सूचनांची कॅश बऱ्याच प्रोसेसरांवर ३२ केबीचीच असते. उलट काही इंजिनांत ओ-थ्रीचं जास्तीचं इनलायनिंग (फंक्शनचा कोड हाक मारलेल्या जागीच घालणं) कामी येतं, स्टॉकफिश ओ-थ्रीच वापरतं. म्हणून म्हणालो, मोजा. आणि पीजीओ लावल्यावर पुन्हा मोजा, कारण तेव्हा हा निकाल बऱ्याचदा फिरतो.

ओ-फास्ट म्हणजे मुख्यतः ओ-थ्रीवर अपूर्णांकांच्या गणितात ढिलाई करायची परवानगी. तुमचं मूल्यमापन सगळं पूर्णांकांत आहे ना? मग त्या परवानगीला तुमच्याकडे कामच नाही, आणि १९ आणि १७ हे दोन्ही आकडे लॅपटॉपच्या तापमानाचे आहेत. मात्र लेट-मूव्ह रिडक्शनचं (यादीत मागे असलेल्या खेळ्या कमी खोल शोधायचं) टेबल तुम्ही सुरुवातीला लॉगॅरिदमने भरत असाल, तर शेवटच्या दशांशाच्या फरकाने तिथला एखादा पूर्णांक बदलू शकतो आणि नोडसंख्या हलते. फायदा शून्य, भानगड उभी.

एन-डीबग दोन ओळींत. असर्ट (कोडमधल्या स्वतःच्या तपासण्या) बंद होतात, बस. पण तुम्ही माझ्यासारखे असाल आणि प्रत्येक खेळीनंतर हॅश-की नव्याने काढून ताडून बघणारा असर्ट लावून ठेवला असेल, तर या एका फ्लॅगपुढे बाकीचे सगळे फिके पडतील. विजुअल स्टुडिओत काम करणाऱ्यांनी ‘डीबग’चं ‘रिलीज’ केलंय ना तेवढं बघावं. यावर अख्खा शनिवार घालवलेले लोक मला ठाऊक आहेत.

एलटीओ तेव्हा उपयोगी, जेव्हा हल्ल्यांची फंक्शनं एका फाइलीत आणि त्यांना हाका मारणारं सर्च दुसऱ्या फाइलीत असतं. एरवी कम्पायलरला फाइलीच्या भिंतीपलीकडचं दिसत नाही, एलटीओने दिसतं. सगळा कोड हेडरमध्येच असेल तर फार काही मिळणार नाही.

आता पीजीओ. सगळ्यात जास्त वेळ मी यावर घालवायला सांगेन, आणि नेमकं हेच शिकाऊ मंडळी ‘दोनदा बिल्ड कोण करणार’ म्हणून टाळतात. पद्धत अशी की आधी प्रोफाइल-जनरेट लावून बिल्ड करायचं. त्या फाइलीत कम्पायलर जागोजागी मोजणीची यंत्रं पेरतो. ती फाइल बेंचवर चालवायची, ती संपताना कोणता फाटा किती वेळा घेतला त्याच्या नोंदी डिस्कवर लिहिते. मग प्रोफाइल-यूज लावून पुन्हा बिल्ड, त्याच बाकीच्या फ्लॅगांनी.

बुद्धिबळात हे इतकं लागू का पडतं ते तुमच्या खेळी-करा फंक्शनकडे बघून कळेल. त्यात कॅसलिंगचा फाटा आहे, आँ-पासाँचा आहे, बढतीचा आहे. तुम्हाला माहीत आहे की लाखो खेळ्यांत हे क्वचित येतात. कम्पायलरला कुठून माहीत असणार? त्याच्या लेखी ‘खेळी कॅसलिंग आहे का’ या प्रश्नाचं हो आणि नाही सारखंच संभवतं, म्हणून तो कॅसलिंगचा कोड वाटेच्या मधोमध ठेवतो. पीजीओनंतर तो कोड फाइलीच्या दूरच्या कोपऱ्यात जातो आणि रोजची वाट सरळ होते. तसंच सर्चमध्ये. क्रमवारी बरी असेल तर कटऑफ (बाकीच्या खेळ्या सोडून देणं) येणाऱ्या नोडांत तो बहुधा पहिल्या-दुसऱ्या खेळीलाच येतो, हेही त्याला आकड्यांतून कळतं. इनलाइन कोणाला करायचं आणि कोणाला नाही हे तो अंदाजाने न ठरवता मोजणीवरून ठरवतो. माझ्या इंजिनात पीजीओने वेळोवेळी ५ ते १५ टक्क्यांच्या मधलं काहीतरी दिलंय. दुसऱ्या कुठल्या एकट्या फ्लॅगने इतकं दिलेलं मला आठवत नाही.

यात पडायचे खड्डे सांगतो. नोंदी डिस्कवर लिहिल्या जातात त्या कार्यक्रम नीट संपला तरच. इंजिन जीयूआयने (पट दाखवणाऱ्या प्रोग्रामने) मारून टाकलं किंवा तुम्ही कंट्रोल-सी दाबलंत तर काहीच लिहिलं जात नाही, आणि दुसरं बिल्ड प्रोफाइलशिवायच होतं. नोंदींच्या फाइली बनल्या का ते डोळ्यांनी बघा. प्रशिक्षणाची फेरी एकाच थ्रेडवर घ्या, नाहीतर मोजण्या एकमेकींवर चढतात. कोड बदलला की जुन्या नोंदी पुसा. आणि प्रशिक्षणाच्या स्थिती मिसळीच्या ठेवा. एकदा मी आळसाने फक्त सुरुवातीच्या स्थितीवर खोल सर्च करून प्रोफाइल घेतलं होतं. तिथे आगेकूच झालेली प्यादी नसतात, बढती जवळजवळ नसते, राजा घरात असतो. मधल्या डावात इंजिन छान पळालं आणि हत्ती-प्याद्यांच्या एंडगेममध्ये साध्या ओ-टूपेक्षा मागे पडलं. जे कधी वापरलंच गेलं नाही ते कम्पायलरने अडगळीत टाकलं होतं, त्याची काय चूक?

मित्राच्या पीसीचं कोडं सोपं आहे. मार्च म्हणजे महिना नव्हे, ‘मशीन आर्किटेक्चर’चं आखडतं रूप. त्यापुढे नेटिव्ह लिहिलं की कम्पायलर तुमच्या प्रोसेसरला येणाऱ्या सगळ्या सूचना मोकळेपणी वापरतो. जेल रोडच्या बाजारातून घेतलेल्या जुन्या पीसीच्या प्रोसेसरला त्यातली एखादी सूचना कळत नाही आणि ऑपरेटिंग सिस्टीम कार्यक्रम जागीच मारते. दुसऱ्याला द्यायच्या फाइलीसाठी नेटिव्हऐवजी ठरलेल्या पायऱ्या वापरा. जीसीसी ११ पासून एक्स-८६-६४ च्या व्ही-टू, व्ही-थ्री अशा पायऱ्या थेट सांगता येतात. व्ही-टूमध्ये पॉपकाउंट (किती बिट एक आहेत ते मोजणारी सूचना) येतं, इंटेलकडे ते २००८ च्या नेहेलमपासून आहे. व्ही-थ्रीमध्ये एव्हीएक्स-टू आणि बीएमआय-टू (बिट हाताळणाऱ्या सूचना) येतात, तिथे २०१३ चं हॅसवेल हवं. पण सन बघून फसू नका. इंटेलने पेंटियम आणि सेलेरॉन नावाने विकलेल्या चिपांत त्यानंतरही कित्येक वर्षं एव्हीएक्स नव्हतं.

पॉपकाउंट मात्र सोडू नका. बिटबोर्डच्या इंजिनात मोबिलिटी (मोहऱ्यांना किती घरं मोकळी) मोजायला, प्यादी मोजायला तो सतत लागतो. आर्किटेक्चर न सांगता बिल्ड केलं तर जीसीसी त्या जागी एक लायब्ररी फंक्शन बोलावतो, आणि एका सूचनेचं काम कित्येक सूचनांत होतं.

आणि हत्ती-उंटांचे हल्ले काढायला तुमच्या कोडमध्ये ‘बीएमआय-टू असेल तर पेक्स्ट वापर, नसेल तर मॅजिक’ अशी अट आहे का? असेल आणि प्रोसेसर रायझन असेल तर थांबा. एएमडीच्या झेन-वन आणि झेन-टूमध्ये पेक्स्ट आहे खरं, पण मायक्रोकोडने चालतं, फार हळू. २०२० च्या झेन-थ्रीपासून ते सुधारलं. म्हणजे नेटिव्ह लावताच कोड आपणहून पेक्स्टकडे वळतो आणि उलट मंदावतो. मॉडेलच्या नंबरावरही जाऊ नका, रायझन ५५००यू नाव नवं मिरवतो पण आतून झेन-टूच आहे. अशा मशीनवर मॅजिक बिटबोर्डच ठेवा.

नेटवर फिरणारी वीस-वीस फ्लॅगांची माळ उचलून मेकफाइलीत टाकू नका. त्यातले फ्रेम-पॉइंटर काढणारे वगैरे फ्लॅग ओ-वनपासूनच चालू असतात, काही दहा वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरसाठी कुणी लावलेले, आणि काही कुणीच कधी मोजलेले नाहीत.

एक शंका जाता जाता बोलून टाकतो. हाताने लिहिलेल्या साध्या मूल्यमापनाच्या बिटबोर्ड इंजिनाला १८ लाख नोड मला कमी वाटतात. पर्फ (कुठल्या फंक्शनला किती वेळ लागतो ते दाखवणारं साधन) लावून बेंच चालवा आणि यादीत वर कोण बसलंय ते बघा. मेमरी मागणारी आणि सोडणारी फंक्शनं वर दिसली तर प्रत्येक नोडला खेळ्यांसाठी नवा व्हेक्टर बनतोय असं समजा. कुठल्याही नियमबद्ध स्थितीत जास्तीत जास्त २१८ खेळ्या आढळल्यात, तेव्हा स्टॅकवर २५६ जागांचा साधा अ‍ॅरे कायमचा पुरतो. असं काही सापडलं तर आधी ते दुरुस्त करा, मग फ्लॅगांकडे वळा, आणि पीजीओ अगदी शेवटी. उलट क्रमाने गेलात तर सगळं पुन्हा मोजावं लागेल.

मित्राला व्ही-टूची फाइल द्या आणि त्याच्याही मशीनवर बेंच चालवायला लावा, नोड तेच येतात का तेवढं विचारा. मला आकडे पाठवाल तेव्हा दहाच्या दहा रनचे पाठवा, नुसती सरासरी नको. आणि कुठल्या वेळेला मोजलं तेही लिहा, दुपारचे असतील तर मी उघडणार नाही.